मोलाचा हिशोब

१९७९ साली अकरावी सायन्सला मी केमिस्ट्रीत नापास झालो. पेपरात बावीस मार्क. सगळे गेले ते मोलच्या गणितात.

दहावीपर्यंत मराठी शाळा. अकरावीला एकदम इंग्रजी. सर फळ्याकडं तोंड करून बोलायचे, आम्ही मागच्या बाकावर. 'मोल' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, चला, एक तरी शब्द आपल्या घरातला निघाला. मोल आम्हाला माहीत होतं. आई मोलानं निंदायला जायची. बाप मोलमजुरी करायचा. पण सरांचा मोल वेगळा. फळ्यावर सहा पूर्णांक काहीतरी गुणिले दहाचा तेविसावा घात असं आलं आणि खाली सूत्र आलं. वजन भागिले रेणुवस्तुमान. मी हात वर करून विचारलं, "सर, भागायचं का?" सर म्हणाले, "सूत्र आहे म्हणून." वर्ग हसला. त्यानंतर दोन वर्षं मी त्या वर्गात हात वर केला नाही.

पुढं बारावी कसाबसा निघालो आणि एका शाळेत प्रयोगशाळा परिचर म्हणून लागलो. परीक्षानळ्या धुवायच्या, तराजू पुसायचा, वजनांची पेटी सांभाळायची. तीस वर्षं हेच केलं. निवृत्त झाल्यावर वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी नववी-दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवायला बसलो. फी नाही. सतरंजी आहे, एक फळा आहे, बल्ब आहे.

दोस्तहो, आता खरं सांगतो. पहिली दोन वर्षं मी त्या पोरांना मोल शिकवला तो सूत्रानंच. ग्रॅम दिले की भागा, मोल दिले की गुणा. पाठ करा. पोरं पाठ करायची, मार्क मिळायचे, मी खूश. मग एक दिवस नववीतल्या एका पोरीनं विचारलं. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. पोरगी कमी बोलते, पण बोलली की टाळता येत नाही.

"काका, भागायचं का पण?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "सूत्र आहे म्हणून."

शब्द न् शब्द तोच. चाळीस वर्षांनी. फरक इतकाच की ह्या वेळी मी फळ्याच्या बाजूला उभा होतो. त्या रात्री जेवण गेलं नाही. मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी तिला गप्प केलं होतं. आपल्याला ज्यांनी गप्प केलं, त्यांच्यापैकी कितीजणांना तरी उत्तर माहीत असेल?

दुसऱ्या दिवशी मी पाव किलो मूग, अर्धा किलो हरभरे आणि स्वैपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन गेलो. दहा पोरं होती. प्रत्येकाला सांगितलं, पन्नास मूग मोजा, पन्नास हरभरे मोजा. सगळ्यांचे एकत्र केले. पाचशे मूग भरले वीस ग्रॅम. पाचशे हरभरे भरले शंभर ग्रॅम. दाणा लहानमोठा असतो, एखाद-दोन ग्रॅम इकडं तिकडं, पण साधारण हेच.

मग मी पिशवीतून मूठभर हरभरे काढून काट्यावर टाकले. चाळीस ग्रॅम. "न मोजता सांगा, किती दाणे?"

पोरं गप्प. मग एकजण म्हणाला, "शंभरात पाचशे, तर चाळीसमध्ये दोनशे." मोजले. एकशे शहाण्णव निघाले. पोरं ओरडलीच.

"आता दोनशे मूग पाहिजेत. मोजायचे नाहीत. किती ग्रॅम घेऊ?"

"आठ!"

हाच मोल. एवढाच. मोजता येत नाही इतकी बारीक वस्तू असली की ती तोलून मोजायची. बँकेत चिल्लरची थैली आली की तीही अशीच तोलून मोजता येते. एका नाण्याचं वजन माहीत असलं की झालं. पोरीला म्हणलं, "आता सांग, भागायचं का?" ती म्हणाली, "एका ढिगाचं वजन माहीत असलं, तर आपल्याजवळ किती ढीग आहेत ते काढायला."

मी गेली चाळीस वर्षं ह्या उत्तराची वाट बघत होतो.

पुढचं सोपं होतं. हरभरा मुगाच्या पाचपट जड, तसा कार्बनचा अणू हायड्रोजनच्या बारापट जड, ऑक्सिजनचा सोळापट. म्हणून १ ग्रॅम हायड्रोजन, १२ ग्रॅम कार्बन, १६ ग्रॅम ऑक्सिजन घेतला तर तिन्हींत अणूंची संख्या सारखीच. हा ढीग म्हणजे एक मोल. पाचशेचा ढीग आपण आपल्या सोयीनं केला. रसायनवाल्यांनी त्यांच्या सोयीनं ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात एवढ्याचा केला. डझन बाराचा, गुंडी-बटणांचा ग्रोस एकशे चव्वेचाळीसचा, तसा मोल एवढ्याचा. पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. दोन आणि सोळा, अठरा. म्हणून अठरा ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल पाणी. खोकल्याच्या औषधाची दोन झाकणंसुद्धा भरणार नाहीत एवढंच. पण त्यातले रेणू मोजायला भारतातली एकशे चाळीस कोटी माणसं बसवली, प्रत्येकानं सेकंदाला एक मोजला, झोप नाही, जेवण नाही, तरी एक कोटी छत्तीस लाख वर्षं लागतील. हा हिशोब पोरांनी स्वतः केला. मी फक्त वर्षाचे सेकंद सांगितले.

ह्या गोष्टी वरून पडलेल्या नाहीत हेही सांगितलं. जर्मनीत रिख्टर नावाचा माणूस होता. त्यानं १७९२ साली पदार्थ कोणत्या प्रमाणात एकमेकांशी लागतात ह्या हिशोबाला नाव दिलं, स्टॉइकिओमेट्री. ग्रीक शब्द. मूलतत्त्व आणि माप. इटलीच्या ॲव्होगॅड्रोनं १८११ मध्ये मांडलं की सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते. लोकांनी जवळजवळ पन्नास वर्षं मनावर घेतलं नाही. १८५६ साली तो मेला. १८६० मध्ये कार्लस्रूहच्या परिषदेत कानिझारोनं त्याचं म्हणणं पुन्हा उभं केलं, तेव्हा अणूंच्या वजनाचा घोळ मिटायला लागला. ज्या अंकाला त्याचं नाव आहे तो अंक त्यानं स्वतः कधी काढला नाही. ते नाव १९०९ मध्ये फ्रान्सच्या पेरँनं सुचवलं. १९७१ साली मोल हे जगाचं अधिकृत एकक झालं. आणि २० मे २०१९ पासून तो अंक कायमचा बांधून टाकला, ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात. पोरांना हे आवडलं. माणसं चुकतात, वाट बघतात, मेल्यावर मान्य होतात.

मग समीकरणं आली. इथं सगळी पोरं एकच चूक करतात. मीही केली होती. हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक रेणू लागतो म्हणलं की लगेच लिहितात, दोन ग्रॅम हायड्रोजनला एक ग्रॅम ऑक्सिजन. अरे, समीकरण ढीग सांगतं, ग्रॅम नाही! हरभऱ्याचे दोन दाणे आणि मुगाचा एक, म्हणजे दोन किलो हरभरे आणि एक किलो मूग नव्हे. दोन मोल हायड्रोजन म्हणजे ४ ग्रॅम. एक मोल ऑक्सिजन म्हणजे ३२ ग्रॅम. पाणी ३६ ग्रॅम. म्हणून तीन पायऱ्या. ग्रॅमवरून मोलवर चढा. मोलवर उभं राहून समीकरणातलं प्रमाण बघा. मग खाली उतरून पुन्हा ग्रॅमवर या. मधली पायरी गाळली की पडलाच.

"आपल्या उपयोगाचं एखादं गणित घाला ना काका," एकजण म्हणाला. पुस्तकातली गणितं मॅग्नेशियमच्या फितीची. ती फीत पोरांनी पाहिलेली नाही.

तेव्हा मला बाप आठवला.

माझा बाप चुनाभट्टीवर होता. आमच्या यवतमाळ-चंद्रपूरकडं जमिनीत चुनखडी आहे. भट्टी भरायची, भाजायची, उतरवायची, हे काम बाप आणि आणखी दोघं गुत्त्यानं घ्यायचे. दिवाणजीचा नियम होता, शंभर किलो गोट्यामागं साठ किलो कळीचा चुना निघालाच पाहिजे. कमी भरला तर तेवढी 'घट' मजुरीतून कापायची. निघायचा पंचावन, छप्पन. दर खेपेला घट. दर खेपेला कापलेले पैसे. दिवाणजी सरळ म्हणायचा नाही, पण बघायचा अशा नजरेनं की हे लोक चुना विकून खातात.

मी अकरावीला होतो तेव्हा बापानं एकदा मला विचारलं होतं. भाकरीचा तुकडा हातात तसाच. "बापू, तू सायन्स शिकून रायला ना? मंग सांग मले. शंभर किलो गोटा टाकला त साठ किलो चुना निंगालाच पायजे म्हन्ते दिवाणजी. निंगते छप्पन. बाकीचा गेला कुठी? म्या खाल्ला का?"

मला सांगता आलं नाही. मी म्हणलं, "पुढच्या वर्षी आहे ते." खोटं होतं. त्याच वर्षी होतं. त्याच धड्यात होतं. ज्या धड्यात मी नापास झालो त्याच धड्यात.

समाजमंदिरातल्या फळ्यावर मी ते गणित मांडलं. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भाजलं की कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना, आणि कार्बन डायऑक्साइड. एकाला एक, एक. कॅल्शियम ४०, कार्बन १२, तीन ऑक्सिजन ४८. एकूण १००. चुना ४० आणि १६, छप्पन. वायू १२ आणि ३२, चव्वेचाळीस. शंभर किलो म्हणजे एक लाख ग्रॅम, भागिले शंभर, एक हजार मोल. एकाला एक, म्हणून चुनाही एक हजार मोल. गुणिले छप्पन. छप्पन हजार ग्रॅम. छप्पन किलो.

पोरांनी आकडा म्हणला आणि माझा आवाज गेला. छप्पन. बापाचाच आकडा. चव्वेचाळीस किलो बापानं खाल्ला नव्हता, विकला नव्हता. तो वायू होऊन गेला होता. एक हजार मोल वायू, साधारण तापमानाला साडेचोवीस हजार लिटर. दहा बाय दहाची, नऊ फूट उंच खोली जवळजवळ भरेल एवढा. हवेपेक्षा जड, म्हणून खाली रेंगाळणारा. थंडीत भट्टीपाशी ऊब घेत झोपलेला आमच्यातला एक माणूस सकाळी उठलाच नव्हता. दारू पिऊन मेला म्हणाले. तो दारू पीत नव्हता. कोळशाचा धूर, त्यातला विषारी वायू आणि हा गोट्यातला वायू, सगळं त्याच्या उशाशी होतं.

मी पोरांना मोठ्यानं म्हणलं, "बघा! साठ किलो कधी निघणारच नव्हता! निसर्गातच नव्हता!"

तीच पोरगी. हात वर.

"काका, पण गोटा सगळा चुन्याचाच होता कशावरून? माती-वाळू असंल त्यात तर?"

मी चिडलो. खरंच चिडलो. माझ्या बापाचा निकाल चाळीस वर्षांनी लागला होता आणि ही पोरगी अपील करत होती. पण आता 'सूत्र आहे म्हणून' म्हणायची सोय नव्हती. म्हणलं, "उद्या सांगतो."

रात्री कागद घेऊन बसलो. समजा शंभरात दहा किलो माती-वाळू. ती भाजून वजनात फारशी घटत नाही. चुनखडी नव्वद, तिचा चुना ५०.४ किलो. वर माती दहा. एकूण ६०.४. म्हणजे साठ भरतो! माझ्या पोटात गोळा आला. दिवाणजी बरोबर होता की काय? दुसरी रीत काढली. गोटा अर्धामुर्धा भाजला तर? नऊ किलो कच्चा राहिला, एक्क्याण्णव किलो भाजला. त्याचा चुना ५१ किलो, वर कच्चा नऊ. साठ. पुन्हा साठ!

म्हणजे साठ निघू शकतो. मातीचा गोटा भरला तर निघतो. काम अर्धवट केलं तर निघतो. फक्त चांगला गोटा निवडून नीट भाजणाऱ्याचाच छप्पन भरतो.

आणि मग मला ती बादली आठवली. दिवाणजी प्रत्येक खेपेला बादलीभर पाण्यात चुना विरवून बघायचा. विरला नाही तो खडा, तळाला राहिला तो गाळ, ह्याचे पैसे वेगळे कापायचा. म्हणजे बघा. मातीचा गोटा भरला तर वजन भरायचं, पण गाळाचे कापायचे. कच्चा ठेवला तर वजन भरायचं, पण खड्याचे कापायचे. चोख भाजला तर बादली स्वच्छ, पण घटीचे कापायचे. पांढराशुभ्र, खड्याविना चुनाही पाहिजे आणि वजनही साठ पाहिजे. ह्या दोन गोष्टी एका भट्टीतून निघतच नाहीत. कोणत्याही रीतीनं काम केलं तरी मजुरी कापली जाईल असाच तो नियम होता.

दिवाणजीला हे समजत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. कदाचित त्यानंही कुणाला विचारलं असेल, साठच का? आणि कुणीतरी सांगितलं असेल, नियम आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिन्ही हिशोब फळ्यावर मांडले. पोरीला म्हणलं, "तू विचारलं नसतंस तर मी अर्धंच सांगितलं असतं. आणि दिवाणजीपुढं ते अर्धं टिकलं नसतं. मातीवाला गोटा दाखवून त्यानं मला हुसकून लावलं असतं." ती काही बोलली नाही. वहीत तिन्ही गणितं उतरवून घेतली. जाताना म्हणाली, "तुमच्या बाबांना कळलं का हे?"

बाप १९९१ मध्ये गेला. शेवटी शेवटी खोकला फार होता. त्याला कळलं नाही.

दोस्तहो, हे सगळं मी रडायला लिहिलं नाही. आपल्यातले पुष्कळजण वस्तीत अभ्यासवर्ग घेतात. भाषणं येतात, गाणी येतात, भिंतीवर 'शिका' लिहिता येतं. पण सतरंजीवर बसलेल्या पोरानं 'भागायचं का?' म्हणून विचारलं तर काय सांगणार? तेवढ्यासाठी सांगतो. मोल शिकवायचा असला तर सूत्रापासून सुरू करू नका. मूग आणि हरभरा न्या. हातानं मोजू द्या, मग तोलू द्या. तोलणं हेच मोजणं आहे हे बोटांना कळल्यावर तो लांबलचक अंक सांगा. त्याच्याआधी सांगाल तर पोरं त्या अंकालाच भिऊन पळतात. मी पळालो तसा. मग समीकरण. ते ढिगांचं आहे, ग्रॅमचं नाही, हे दहादा सांगा. आणि उत्तर आल्यावर थांबू नका. वस्तू शुद्ध होती का, काम पुरतं झालं का, सगळं त्यातच होतं का, हे विचारायला लावा. कागदावरचं उत्तर ही वरची हद्द असते. भट्टीत काय झालं ते वेगळं बघावं लागतं.

आणि उत्तर येत नसेल तर 'उद्या सांगतो' म्हणा. त्यानं कुणी लहान होत नाही. मी चाळीस वर्षांनी का होईना, हे एक शिकलो.

ती पोरगी आता अकरावीला आहे. सायन्स घेतलंय. इंग्रजी जड जातं म्हणते. परवा आली होती, वही घेऊन. त्यांच्या कॉलेजात मोलचा धडा झाला. सरांनी सूत्र दिलं. शेजारच्या मुलीला समजलं नाही, म्हणून हिनं डब्यातले वाटाणे काढून तिला समजावलं.

"सर काय म्हणाले?" मी विचारलं.

"सर बघत होते," ती म्हणाली. "मग म्हणाले, परत एकदा सांग, सगळ्यांना."